चौथी बाग तुटली त्या रात्री

द्राक्षाच्या काडीला काप कसा द्यायचा हे त्याला मी शिकवलं. आमच्या गावात आज हे कोणी मानणार नाही, आणि त्याला कारणही मीच आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमचं गाव नाशिकपासून तासाभरावर, दिंडोरीच्या अंगाला. माझ्या वडिलांनी गावात पहिल्यांदा द्राक्षं लावली तेव्हा लोक त्यांना हसले होते. छाटणी मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. काडीवर ठरावीक अंतरावर फुगीर गाठी असतात, त्यांना आम्ही डोळे म्हणतो. त्या डोळ्यातून नवी फूट आणि घड बाहेर येतो. डोळ्याच्या वर बोटभर काडी सोडायची आणि काप तिरका द्यायचा, उतार डोळ्याच्या पाठीमागे. छाटल्यावर वेल रडते, कापातून पाणी टपकत राहतं. ते डोळ्यावरून ओघळलं तर डोळा नासतो, पाठीमागून ओघळलं तर वाचतो. एवढीच विद्या. पण वडिलांचा काप लांबून ओळखू यायचा आणि पुढे माझाही येऊ लागला. ऑक्टोबरच्या छाटणीआधी आसपासच्या चार गावांतून मोटारसायकली माझ्या अंगणात येऊन उभ्या राहायच्या. "बाबा, एकदा आमच्या काड्या बघून जा. किती डोळ्यांवर मारायच्या ते सांगा." मी चहा होईपर्यंत त्यांना ताटकळत ठेवायचो. त्या ताटकळत ठेवण्यात मला फार सुख होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तो सुरगाण्याकडच्या डोंगरातून छाटणीच्या टोळीबरोबर आला. वीस-बावीस वर्षांचा असेल. कात्री त्याने कोयता धरावा तशी धरली, तेव्हा मी त्याचं मनगट धरून दोन दिवस त्याला काप शिकवला. तिसऱ्या दिवशी माझ्या आणि त्याच्या ओळीतला फरक मलाच कळेना. मला कौतुक वाटलं. खरंच वाटलं. त्याला मी माझ्या शेडमध्ये राहायला जागा दिली आणि टोळी गेल्यावरही ठेवून घेतलं. तो मला बाबा म्हणायचा आणि अरेतुरे करायचा. त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच तू. बायको म्हणायची, "कानाला बरं वाटतं त्याचं तू. देवाला म्हणावं तसं म्हणतो."

दोन वर्षांनी एका सकाळी मी काड्या बघत होतो आणि तो माझ्या मागे उभा होता. मी म्हणालो, "नऊ डोळे."

"सात घे बाबा," तो म्हणाला. त्याने एक काडी तोडली, सातवा डोळा नखाने उकलला आणि माझ्यापुढे धरला. "घड इथं बसलाय. नवव्यात नुसती बाळी निघेल."

बाळी म्हणजे वेल आधाराला गुंडाळते तो दोरा. मला त्या उकललेल्या डोळ्यात काही दिसलं नाही. हिरवट, ओलसर काहीतरी होतं. माझ्या वडिलांनाही दिसलं नसतं. मी हट्टाने अर्धी बाग नऊवर मारली आणि त्याला म्हणालो, उरलेली तुझ्या मनाने मार. महिन्याभराने बायको डबा घेऊन बागेत आली. मधल्या वाटेवर उभी राहून तिने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. डबा ठेवताना म्हणाली, "पुढच्या वर्षी सगळी त्यालाच मारू द्या."

तिथून ते सुरू झालं. मोटारसायकली अजूनही माझ्याच अंगणात यायच्या, पण लोक ओट्यावर बसलेल्या माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचे आणि शेडकडे जायचे. मला विचारलंच तर एवढंच, "तो आहे का?" माझा शेजारी, ज्याच्याबरोबर मी लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकलो, तो एकदा चार माणसांदेखत म्हणाला, "अरे, डॉक्टरला भेटायचं तर आधी कंपाउंडरला नमस्कार करावा लागतो." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून गावात मला पाठीमागे कंपाउंडर म्हणू लागले.

कापाचं तर याहून वाईट झालं. शेजाऱ्याची बाग बघायला बाहेरून काही माणसं आली होती. एकाने काडीवरून बोट फिरवलं. "काय स्वच्छ काप आहे! कोणाचा?" शेजाऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवलं. तो लगेच म्हणाला, "माझा नाय. बाबानं शिकवला." आणि माझ्याकडे हात केला. पाहुण्यांना ते त्याचं चांगलं वळण वाटलं. "गुरूला विसरत नाही, बघा," असं म्हणून ते पुढे गेले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. त्याने ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तो खोटा असता, माझी विद्या चोरून मिरवणारा असता, तर माझ्या रागाला टेकायला जागा मिळाली असती.

त्या वर्षी उन्हाळ्यात मी त्याला एवढंच म्हणालो, "शेड आता मला लागणार आहे." त्याने कारण विचारलं नाही. दुपारी पिशवी उचलून तो शेजाऱ्याकडे राहायला गेला. शेजाऱ्याच्या अंगणात मोटारसायकली थांबलेल्या मला माझ्या ओट्यावरून दिसायच्या. मी त्या मोजायचो.

हे सगळं नव्वदीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतलं. मग तो हिवाळा आला.

गावाच्या खालच्या अंगाला एका बागेत सकाळी पानं माना टाकून लोंबत होती. मालकाला वाटलं पाणी कमी पडलं. जवळ जाऊन बघतो तर गुडघ्याएवढ्या उंचीवर खोडं कापलेली. ओळीच्या ओळी. वर मंडपावर मण्यांनी भरत आलेले घड तसेच लटकत होते. बाग तुटली म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला समजत नाही. खोड घडायला तीन-चार वर्षं जातात. मालकाची आई बांधावर बसून मेलेल्या माणसासाठी रडावं तशी रडत होती.

दहा दिवसांनी दुसरी बाग तुटली. नंतर तिसरी, शेजारच्या गावातली. कोणाचं कोणाशी भांडण होतं म्हणावं तर तिन्ही मालकांचा एकमेकांशी संबंध नव्हता. लोक आळीपाळीने राखण करू लागले. भाऊ भावाकडे संशयाने बघू लागला.

फवारणीच्या औषधांच्या दुकानासमोर बाकडं होतं, तिथे सकाळी सगळे जमायचे. तिसऱ्या बागेनंतर तिथे मी बोललो. फार विचार करून बोललो असं नाही, पण बोललो ते मीच. "तिन्ही बागांची छाटणी कोणाची आहे, एवढं बघा."

तिन्ही बागा त्याने छाटल्या होत्या. पण त्या वर्षी चांगली म्हणावी अशी प्रत्येक बाग त्यानेच छाटली होती. हे मला माहीत होतं, आणि बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकालाही माहीत होतं. तरीही सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कोणीतरी सरकून मला बसायला जागा दिली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य कोणी मध्ये तोडलं नाही. त्या जागेची चव मला लागली, असंच म्हणायला हवं.

इकडे माझ्या स्वतःच्या बागेची दैना होती. त्या वर्षी मी त्याला बोलावलं नव्हतं. उशिरा छाटणी घेतली होती, माझ्या मनाने, नऊ डोळ्यांवर. फुटी जोरात निघाल्या आणि घड मात्र जिरत चालले. रोज सकाळी जाऊन बघावं तर कालचा घड आज बाळी झालेला. बायको बागेत यायचीच बंद झाली. मार्गशीर्ष लागला होता. तो कामं आटोपून गावी गेला आहे, एवढं शेजाऱ्याकडून कानावर आलं होतं.

एका सकाळी मी बायकोला सांगितलं, "नाशिकला जाऊन औषध बघून येतो." आणि वणीला जाऊन सुरगाण्याकडची जीप पकडली.

दुपारी त्याच्या पाड्यावर पोचलो. तो घरी नव्हता. मार्गशीर्षात त्या लोकांचा डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. ज्यांनी नवस धरलाय ते पुरुष घर सोडतात, पौर्णिमेपर्यंत देवाच्या जागेवर राहतात, एक वेळ खातात आणि पावरी या फुंकवाद्याच्या तालावर गोल धरून नाचतात. त्या जागेला खळी म्हणतात. नवस धरलेला माणूस पौर्णिमेला डोंगरावर देवाला पोचेपर्यंत खळी सोडून स्वतःच्या घरीसुद्धा जात नाही. मधेच सोडली तर देव कोपतो, एकट्यावर नाही, सगळ्या पाड्यावर. हे मला तिथेच एका म्हाताऱ्याने सांगितलं.

तो खळीवर होता. मला बघून त्याला आनंद झाला, हे मी शपथेवर सांगेन. मी खाली मान घालून माझ्या बागेचं सांगितलं. त्याने विचारलं, "किती डोळ्यावर मारली?"

"नऊ."

तो हसला नाही. मी तयारी करून गेलो होतो की तो हसेल. "पाणी तोड बाबा," तो म्हणाला. "शेंडे मार. गेले ते गेले, हायेत ते धर. पौर्णिमा झाली का मी येतो, बघतो."

"कोणाला सांगू नको मी आलो होतो," मी म्हणालो.

"कशाला सांगू?"

परतीची जीप निघून गेली होती. मला त्यांनी एका घराच्या ओट्यावर जागा दिली, नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाचं वरण दिलं. समोरच खळी होती. झोप अशी लागलीच नाही. पावरी थांबायची नाही आणि डोळे उघडले की तो त्या गोलात दिसायचा. सकाळी मी निघालो तेव्हाही तो तिथेच होता. वाटेत खायला म्हणून त्याच्या बायकोने एक भाकरी फडक्यात बांधून दिली.

दुपारी गावात उतरलो तर माझ्या घराशेजारी माणसांची गर्दी. चौथी बाग तुटली होती. शेजाऱ्याची. आदल्या रात्री.

पोलीस आले होते. फौजदार तरुण होता, त्याला द्राक्षातलं काही कळत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, "बाबांना दाखवा. कापावरून हात ओळखणारा माणूस आहे." मला वाट करून दिली. मी ओळीत खाली वाकलो. खोड आरीने कापलेलं होतं, काप तिरका होता. आरी छाटणीवाल्या प्रत्येकाच्या पिशवीत असते, बागवाल्या प्रत्येकाच्या घरातही असते. आणि तिरकेपणाचं म्हणाल तर ते मला वाकल्याबरोबर दिसलं. खोडाला लागून ठिबकची नळी तारेवर बांधलेली होती. ती आड येते, म्हणून आरी तिरकीच धरावी लागते. हात कोणाचाही असो, काप तसाच पडणार. त्या कापातून माणूस ओळखता येत नव्हता.

मागून शेजारी ओरडला, "हा त्याचाच काप आहे! आंधळ्यालाही कळेल!"

फौजदाराने मला विचारलं, "काका, तुमचं काय मत?"

गुडघ्यावर बसल्या बसल्या मी म्हणालो, "हो. काप त्याचाच."

जे माझं होतं म्हणून मी चार वर्षं जळत होतो, ते त्या क्षणी मी माझ्याच तोंडाने त्याला देऊन टाकलं. गावाने ते तिथल्या तिथे मान्य केलं. काप त्याचा झाला, कायमचा.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की मला फक्त कापाचं विचारलं होतं. तो कुठे होता हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. दुसऱ्याच दिवशी मला विचारलं.

पौर्णिमेला चार-पाच दिवस असताना पोलिसांनी त्याला खळीवरून उचलून आणलं. मला चौकीत बोलावलं तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला होता. उजवा हात मांडीवर उलटा ठेवलेला, सुजून काळा पडलेला. बाकावर शेजारी आणि तुटलेल्या बागांचे मालक बसले होते. फौजदाराने मला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"काका, हा म्हणतो की त्या रात्री हा गावी होता आणि तुम्हीही तिथेच होता. तुम्ही याला बघितलंय."

बाकावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याच्या तोंडावर अर्धवट हसू होतं. मी त्याच्या पाड्यावर गेलो होतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. कशाला गेला होतास? आणि मग कंपाउंडर डॉक्टरच्या दारात औषध मागायला गेला, ही गोष्ट गावात जन्मभर पुरली असती.

"मी?" मी म्हणालो. "मी कशाला जाऊ याच्या दारात?"

सगळे हसले. फौजदारही हसला. भिंतीशी बसलेला तो हसला नाही आणि रागावलाही नाही. माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. माझी काहीतरी अडचण असेल, आता मी दुरुस्त करेन, अशी वाट बघितल्यासारखं. मग म्हणाला, "बरं बाबा."

त्याच्या पाड्यावरची माणसं येऊन सांगून गेली की तो खळीवर होता. फौजदार म्हणाला, गाववाले गाववाल्याचंच सांगणार.

मी घरी आलो. बायकोने माझी पिशवी धुवायला काढली होती. फडकं तिच्या हातात होतं, आत अर्धी भाकरी, वाळलेली.

"नाशिकला नागलीची भाकरी कुठे मिळाली?" तिने विचारलं.

तिने ती भाकरी म्हशीपुढे टाकली आणि फडकं धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलं. त्यानंतर ती होती तोवर तिने कोणाला एक शब्द सांगितला नाही. मलाही परत विचारलं नाही. पण गावात त्याचा विषय निघाला की ती उठून आत जायची आणि तिचं ते उठून जाणं मला ऐकू यायचं.

जामीन राहायला त्याच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही. काही महिने तो तुरुंगात होता. तो आत असतानाच पौषात पाचवी बाग तुटली. मला वाटलं, सुटलो. आता सगळ्यांना कळेल आणि मला काही बोलावं लागणार नाही. दुकानासमोरच्या बाकड्यावर लोक म्हणाले, "त्याच्या टोळीतलेच असणार. सूड घेतायत." मग सगळे माझ्याकडे बघून थांबले. आता ते प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे बघून थांबायचे. मी मान हलवली.

पाचव्या बागेनंतर प्रकार बंद झाला. कोणी केलं, का केलं, कधीच कळलं नाही.

मोटारसायकली परत माझ्या अंगणात येऊ लागल्या. मी नऊ म्हणायचो, आठ म्हणायचो. एक-दोन वेळा चोरून नखाने डोळा उकलूनही पाहिला. बागा बेताच्या येत गेल्या. एका म्हाताऱ्याने तोंडावरच सांगितलं, "माणूस वाईट निघाला, पण तो असता तर ही बाग अशी नसती आली." गावाने त्याला गुन्हेगार ठरवला, पोलिसांनी हात मोडला, तरी छाटणीत तोच मोठा. तो नव्हता तिथेही माझ्यापुढे होता. रात्री हेच आठवायचं मला. त्याचा सुजलेला हात नव्हे. हेही लिहून ठेवतो, कारण खरं लिहायला बसलो आहे.

खटला रेंगाळत पुढच्या दशकात गेला. नाशिकच्या कोर्टात माझी साक्ष झाली. त्याच्या वकिलाने विचारलं, कापावरून माणूस ओळखता येतो का? मी म्हणालो, येतो. खळीवरच्या रात्रीचं त्याने विचारलं, तेव्हाही मी नाही म्हणालो. देवाची शपथ घेऊन. शेवटी पुराव्याअभावी तो सुटला. गावात त्याचा अर्थ कोणी निर्दोष असा लावला नाही. "सुटला" एवढंच म्हणाले, हातातून मासा सुटावा तसं.

बायको गेली त्यानंतर दोन वर्षांनी. वर्षश्राद्ध झालं तेव्हा कपाट आवरताना ते फडकं सापडलं. आठवडाभर मी ते तसंच राहू दिलं. मग पुन्हा वणीहून जीप पकडली.

पाड्यावर उतरलो तर त्याच्या दारात माणसं बसलेली. मला वाटलं, काही वाईट झालंय. पण तो आंब्याची कलमं बांधत होता आणि लोक रोपं घ्यायला आले होते. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, म्हणून चाकू डाव्या हातात. केस पिकले होते. लोक त्याची वाट बघत निवांत बसले होते, माझ्या अंगणात पूर्वी बसायचे तसे. क्षमा मागायला मी तिथवर गेलो होतो आणि दारातच मी त्याची माणसं मोजू लागलो. इथेही? एवढं होऊन इथेही?

माणसं गेल्यावर मी बोललो. फार अडखळत. "त्या रात्री तू खळीवर होतास. मी पाहिलं होतं. मी खोटं बोललो."

तो कलमाला पट्टी गुंडाळत होता. "मला काय सांगतोस बाबा? मी तर तिथंच होतो."

त्याने पट्टीला गाठ मारली.

"खळी मोडली ना माझी," तो म्हणाला. "त्या साली पाड्यावर दोन पोरं तापानं गेली. लोकांनी माझं नाव घेतलं. पाच वर्षं मला खळीवर उभं केलं नाय कोणी. ते लय वाईट होतं. तुरुंगाचं काय, भाकर तरी भेटायची."

"मी काय करू सांग."

"ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग. इथं ठाऊक हाय सगळ्यांना." मग त्याने आत हाक मारून चहा सांगितला. जाताना एक कलम हातात दिलं. मी ते लावलं नाही. कोणी विचारलं असतं, कुठून आणलं, तर काय सांगणार होतो?

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एवढी वर्षं मी कोणाला सांगितलं नाही. वय, तब्येत, मुलांची लग्नं, कारणं होतीच. यंदा थंडीत शेजारी आजारी पडला, मी त्याला बघायला गेलो. तुटलेल्या बागांच्या मालकांपैकी तो एकटाच उरलाय. खाटेवर उशीला टेकून बसला होता. मी सगळं सांगितलं. भाकरीपासून काप आणि शपथेपर्यंत.

तो उशीवरून थोडा पुढे सरकला. मग म्हणाला, "मग माझी बाग कोणी तोडली?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही तर कशाला सांगतोस? इतकी वर्षं मला माहीत होतं कोणी तोडली. आता मरताना काय घेऊन जाऊ मी? आपल्यातलाच कोणीतरी होता, हे?"

मी म्हणालो, "तो नव्हता. एवढंच मला सांगता येतं."

त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. म्हातारा झाला तरी त्याचं डोकं अजून चालतं. "तुझी बाग कशी नाही तुटली रे त्या वर्षी?"

"माझ्या बागेत तोडण्यासारखं होतं काय?"

"आणि त्या रात्री तू कुठे होतास म्हणतोस? डोंगरात. पोलिसांना सांगितलंस नव्हतो म्हणून. कोर्टात सांगितलंस नव्हतो म्हणून. आता कोण सांगेल की होतास?"

बायको नाही. ज्याने मला खळीचं सांगितलं तो म्हातारा केव्हाच गेला असणार, आणि पाड्यावरच्या बाकीच्यांना एका रात्रीचा पाहुणा आता कशाला आठवेल. माझ्या बाजूने बोलू शकेल असा एकच माणूस आज जिवंत आहे, हे मला त्या खाटेशेजारी बसल्यावर कळलं. मी शेजाऱ्याला तेच सांगितलं. "त्याला विचार. तो सांगेल."

"तो? तुझ्यासाठी?"

"हो."

शेजाऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. मी थोडा वेळ बसून उठलो. त्याच्या मुलाला बाहेर गाठून पाड्याचं नाव आणि जीप कुठून सुटते ते सांगितलं. तो जाईल की नाही, ठाऊक नाही. गेलाच तर तो माणूस कलम खाली ठेवेल आणि म्हणेल, बाबा इथंच होता. माझ्यासारखं त्याला क्षणभरही अडखळावं लागणार नाही. आणि या वयात, सगळं लिहून झाल्यावरही, मला त्याचा हेवा वाटतो.